कात्रीवाले सर

आमच्या घरमालकांकडे रोज पेपर येत असे, पण तो वाचायला मिळत नसे. सकाळी मी वरच्या मजल्यावरून खाली उतरेपर्यंत त्याची पार जाळी झालेली असायची. पहिल्या पानावरचे पुढारी गळ्यापर्यंतच शिल्लक, शेतीच्या पानाला खिडक्या पाडलेल्या, आणि निधनवार्ता अशा कोरून काढलेल्या की गेलं कोण तेच कळू नये. सर ओट्यावर मांडी घालून, हातात शिंप्याची मोठी कात्री घेऊन बसलेले असत. मी वैतागून म्हणायचो की सर, निदान हवामान तरी ठेवत जा. ते वर न बघता म्हणायचे, "हवामान वर आहे की, मातीवाले. मान वर केली की दिसतं."

मी मातीवाला, कारण बारामतीच्या एका कृषी महाविद्यालयात मी माती परीक्षण शिकवायचो. मूळचा नाशिककडचा. कन्हेरीच्या रस्त्याला सरांचं दुमजली घर होतं, त्याचा वरचा मजला मी भाड्यानं घेतला. सर इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन हैदराबादला. त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. रिक्षावाल्याला 'कात्रीवाले सर' म्हटलं की तो बरोबर दारात आणून सोडायचा, आणि उतरताना हमखास विचारायचा, डोक्यानं बरे आहेत ना? सर जाऊन आता दोन वर्षं होतील, तरी मला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

कापलेली कात्रणं चार-चार, पाच-पाच शब्दांची असत. ती बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात जायची. दुपारी जेवण झालं की सर डबा कानाशी धरून हलवत. नुसता खुळखुळवत नसत, तालात हलवत. तोही असा आडवळणी ताल की पायानं ठेका धरायला जावं आणि तोंडघशी पडावं. मग थांबत, हात घालून हाती येईल ते कात्रण काढत आणि सपाट आवाजात मोठ्यानं वाचत. एकामागून एक. "दूध संघाच्या वार्षिक." "डोळ्यांची जळजळ होत असल्यास." "वधू पाहिजे, स्वतःची विहीर." माझ्या खोलीच्या फरशीतून हे सगळं वर यायचं. पहिल्या महिन्यात मी दोनदा घर सोडायचं ठरवलं होतं.

ही कविता आहे, असं त्यांनी मला समजावलं. मी विचारलं, कुणाची? ते म्हणाले, "तोच तर प्रश्न आहे."

सरांचं मूळ घर नीरेकाठचं. छप्पन साली वडिलांनी धम्मदीक्षा घेतली आणि घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. टोपलीची एक बाजू धरायला लहानग्या सरांना नेलं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात कौल, अंगात येणं, दिवस बघणं सगळं बंद, असं ते मोठ्या अभिमानानं सांगत. पोरगा हुशार निघाला, शिष्यवृत्ती मिळाली आणि साठच्या दशकाच्या शेवटी भाषाशास्त्र शिकायला लंडनला पोचला. तिथं ज्या घरात खोली मिळाली, त्याच घरात एक कवी राहत होता. त्याचं नाव सरांनी मला कधीच सांगितलं नाही. 'आमचा कवी' एवढंच म्हणत.

त्या काळात तिकडं जॅझवाले आणि रॉकवाले एकमेकांचं तोंड बघत नसत. जॅझवाले रॉकवाल्यांना अडाणी समजायचे आणि रॉकवाले जॅझवाल्यांना मास्तर. त्यांना एका खोलीत आणलं ते कवींनी, हे सरांचं लाडकं म्हणणं. कविता वाचताना मागं काहीतरी वाजायला हवं म्हणून कवींनी दोन्हीकडच्यांना बोलावलं. सॅक्सोफोन आला, विजेची गिटार आली, आणि दोघं मिळून कवीलाच बुडवायच्या नादात एकजीव वाजवायला लागले. पुढं कवी गेले आणि वाजवणारे उरले. "लग्न लागलं, आणि लावणाऱ्याला जेवायलाही कुणी थांबवलं नाही," असं म्हणून सर खो-खो हसत.

त्यांच्या कवीचा एक नियम होता. शब्द आपण निवडायचे नाहीत; निवडला की त्यात आपली लबाडी शिरते. म्हणून वर्तमानपत्रं कापायची, डब्यात मिसळायची आणि दारूच्या गुत्त्याच्या वरच्या मजल्यावर, बँड चालू असताना, हाताला लागेल ते वाचायचं. मध्येच सगळी वाद्यं थांबत, फक्त झांजेवर काडी हळू चालू राहत असे. त्या मोकळ्या जागेत कवी बोले. डबा हलवायचं काम सरांचं. आपण ब्रिटिश जॅझ-रॉकमधले एकमेव डबावादक, अशी ते स्वतःची ओळख करून देत. कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांनी हा प्रयोग करून दाखवला होता, आणि प्राचार्यांनी मध्येच उठून राष्ट्रगीत सुरू केलं होतं म्हणे.

हसण्यावारी न्यायची गोष्ट इथं संपते. एका संध्याकाळी त्या कवीनं भरल्या खोलीत कात्रणं काढून वाचलं: "सकाळच्या चहाला हा नसेल." लोक हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नव्हता. अंथरुणाची घडी घातलेली, बूट दाराशी, कोट खुंटीला. पोलीस झाले, नदी धुंडाळून झाली, त्याच्या आईच्या गावी जाऊन झालं. तो सापडला नाही. जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही.

पुढच्याच आठवड्यात बँडचं ध्वनिमुद्रण ठरलेलं होतं. येईल येईल म्हणून त्यांनी त्याची जागा मोकळी सोडून वाजवलं. ते कधी बाजारात आलं नाही, पण त्याची एक कॅसेट सरांनी जपून ठेवली होती. दुपारच्या डब्यानंतर ती लागायची. सॅक्सोफोन किंचाळत किंचाळत वर चढायचा, गिटार त्याच्या अंगावर धावून जायची, आणि एकदम सगळं थांबायचं. उरायची ती झांजेवरची काडी. सर त्या क्षणी पुढं झुकून बसायचे. पन्नास वर्षं हा माणूस असा रोज पुढं झुकत आला होता.

मी कॅसेट मोबाइलवर उतरवून घेतली. प्रयोगशाळेत कानाला लावून ऐकताना त्या मोकळ्या जागेत मला श्वास ऐकू आला. बोलण्याआधी माणूस घेतो तसा, आत ओढलेला. मी माती तपासणारा माणूस, भलतंसलतं मानत नाही. पण घरी आल्यावर सरांना सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवली. "बोलला का?" नाही, म्हटलं. "मग सोडा," म्हणाले आणि पुन्हा कापायला लागले.

आमच्याकडं कन्हेरीहून हौसाबाई दूध घालायला येत. धनगराची बाई, साठीची, हाडापेरानं मजबूत. घरात पूर्वी मेंढ्यांचा कळप होता. नवरा वारल्यावर त्यांनी मेंढरं विकून गायी घेतल्या आणि शेतात पाइपलाइन केली. मुलगा सोमा मेंढरांत वाढलेला. 'मला न विचारता कळप विकला' म्हणून भांडून तो घराबाहेर पडला तो परतलाच नाही. कुणी म्हणे ट्रकवर क्लीनर आहे, कुणी म्हणे गुजरातेत पाहिला. हौसाबाई याबद्दल कधी रडल्या नाहीत, पण दुधाचं माप ओतताना रस्त्यावरच्या प्रत्येक मोटरसायकलीकडं त्यांची मान वळायची.

त्यांचं माहेर इंदापूर तालुक्यातलं कळंब. तिथं माळावर बिरोबाची जत्रा भरते. सरांना ढोल ऐकायचा होता. आमचा लंडनचा ड्रमवाला अर्धा धनगरच होता, असं ते म्हणायचे. हौसाबाई आम्हा दोघांना घेऊन गेल्या. भर दुपारी माळावर भंडारा उधळलेला, माणसं पिवळी झालेली, आणि गोल रिंगणात ढोल असे घुमत होते की ते पोटात वाजावेत. तिथली रीत अशी, की ढोल टिपेला जाऊन एकदम थांबतात आणि मग भाकणूक होते. मान असलेला म्हातारा पाऊसपाणी, रोगराई, येणारं वर्ष असं सगळं तुटक तुटक बोलतो. लोक कान देऊन ऐकतात आणि वर्षभर त्याचा अर्थ लावतात. त्या वर्षी मानकरी म्हातारा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला होता. त्याच्या पुतण्याला उभं केलं होतं, पण ढोल थांबले आणि पुतण्याचं तोंड उघडेना. पुन्हा ढोल झाले, पुन्हा थांबले. एक झांज तेवढी हळू किणकिणत राहिली. 

आणि माझ्या शेजारून सपाट आवाजात शब्द आले. "दावणीला वारा. सातबाऱ्यावर पाऊस. निळा सदरा, उंची मध्यम, बोलत नाही. परतीची गाडी मागल्या फलाटावर."

सरांचे डोळे मिटलेले होते आणि ते पुढं झुकलेले होते. ढोल पुन्हा कडाडले, लोकांनी त्यांच्या अंगावर भंडारा टाकला, बायका पाया पडायला धावल्या. सर भानावर आले आणि सदऱ्यावरचा भंडारा झटकायला लागले. परत येताना जीपमध्ये मला एवढंच म्हणाले, "वडिलांनी देव नदीत सोडले, मातीवाले. आणि मी काय करून आलो?"

त्यातल्या वाऱ्या-पावसाचा अर्थ कळंबकरांनी लावला असेल. हौसाबाईंनी शेवटचं वाक्य धरलं. पुढच्या रविवारी त्या भाकरी बांधून मेन लाइनवरच्या भिगवण स्टेशनावर जाऊन मागल्या फलाटावर बसल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही बसल्या. परतीची गाडी मागल्या फलाटावर लागते, म्हणजे सोमा तिथंच उतरणार.

मला हे बघवेना. मी सरांना म्हटलं, त्यांना खरं काय ते सांगा. सर आधीच सांगायच्या तयारीत होते. त्यांनी हौसाबाईंना ओट्यावर बसवलं, डबा उघडून कात्रणं दाखवली, हे सगळं पेपरातलं आहे, कुठल्याशा बातमीतलं, कुठल्या जाहिरातीतलं, रोज वाचून वाचून माझ्या तोंडात बसलंय, त्याला काही अर्थ नाही, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. हौसाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, बिरोबा काय छापखाना घालून बसलाय व्हय? शब्द आपलंच असत्यात. कुनाच्या तोंडात कवा घालायचं, तेवढंच त्येचं."

 संध्याकाळी सर म्हणाले की आमचा कवी अगदी हेच बोलायचा, फक्त देवाचं नाव घ्यायचा नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी हौसाबाईंचा मला फोन आला. आलाय म्हणाल्या, जीप करून आणतेय. आम्ही कन्हेरीला गेलो. अंगणात बाजेवर एक माणूस बसला होता. निळा सदरा, उंची मध्यम. काही विचारलं तर नुसता बघायचा. हौसाबाई त्याला ताक देत होत्या. सरांनी त्याच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून पाहिली.

भावकीतले म्हणाले, हा सोमा नव्हे. सोमाचं नाक असं नव्हतं, सोमा डावखुरा. हौसाबाई म्हणाल्या, परमुलखात माणूस बदलतो. मी पोलिसांत कळवलं. त्यांनी फोटो काढला, ठसे घेतले, सगळीकडे कळवतो म्हणाले. कुणी आलं नाही. माणूस राहिला. गायींचं शेण काढायचा, धारेला बसायचा, सांगितलेलं सगळं ऐकायचा. बोलायचा मात्र नाही.

सरांची झोप उडाली. निळा सदरा, उंची मध्यम, बोलत नाही, हे शब्द कुठले, ते त्यांना ठाऊक होतं. पेपरात 'हरवला आहे' म्हणून जाहिराती येतात, त्यातलं ते कात्रण. त्याच्या खाली नाव असणार, गाव असणार, फोन असणार. तो उरलेला तुकडा रद्दीत गेला होता. त्यांनी डबा फरशीवर उपडा केला आणि आम्ही दोघांनी ओणवं होऊन एकेक कात्रण पाहिलं. निळा सदरा सापडला. त्याचा कागद पिवळा पडला होता. कुठल्या पेपरातला, कोणत्या वर्षीचा, सांगणं अशक्य होतं. मी पुण्याला जाऊन दोन कचेऱ्यांत जुने अंक चाळले, हाती काही लागलं नाही.

"मी माणसाचा पत्ता कापला," सर म्हणाले. त्यानंतर त्यांनी कात्री हातात धरली नाही. पेपर सबंधच्या सबंध ओट्यावर पडून राहू लागला, आणि खरं सांगतो, मला तो वाचवेना.

कॅसेट मात्र चालू होती. एक दिवस हौसाबाई त्या माणसाला घेऊन दूध घालायला आल्या. त्या आत भांडं विसळत होत्या, तो ओट्याच्या कडेला बसलेला. दुपारची वेळ, मी जेवायला आलेलो. टेप लागलेली होती. सॅक्सोफोन चढला, गिटार चढली, आणि सगळं थांबलं. झांजेवर काडी. सर पुढं झुकले.

"थांबा, आलो," तो माणूस म्हणाला.

स्वच्छ आवाजात. आतल्या खोलीतून घरच्यांना सांगावं, तसं. मग बँड पुन्हा सुरू झाला आणि तो आधीसारखाच रस्त्याकडं बघत राहिला. हौसाबाई दारात येऊन उभ्या होत्या, हात ओले. सरांनी टेपचं बटण दाबलं, पण ते इतकं सावकाश, की बराच वेळ मला वाटत होतं, ते दाबणारच नाहीत.  ती कॅसेट पुन्हा कधी लागली नाही.

आणि सर भिगवणला जायला लागले. दर रविवारी एसटीनं, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन. हौसाबाईंचं जाणं थांबलं होतं, यांचं सुरू झालं. वय झालेलं, उन्हाचा तडाखा, हैदराबादहून मुलीचे मला फोन. मी रागावलो, तर म्हणाले, त्या माणसाला शोधत त्याचं कुणी आलं तर? मी म्हटलं, ते भिगवणलाच कशाला येईल, आणि मागल्याच फलाटावर कशाला? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोललो होतो.

शेवटी मी कन्हेरीला गेलो. म्हटलं, या बाईच्या नादानं हे झालं, हिनंच आता थांबवावं. तो माणूस गोठ्यात वैरण टाकत होता. मी हौसाबाईंना जरा कडकच बोललो. तुमचा मुलगा आला, आता सरांना का तिथं जाऊ देता, सांगा त्यांना.

त्यांनी गोठ्याकडं पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

"त्यो माझा सोमा न्हाय. आईला काय वळखू येत न्हाय व्हय? जीपमदीच कळलं हुतं मला." थोडा वेळ त्या चुलीतली राख सारत राहिल्या. "कुठंतरी त्येची आय बसली आसंल अशीच. मला आता ह्येला सोडून जाववत न्हाय. म्हणून मीच सरास्नी म्हटलं, तुमी बसा तितं. ती म्हातारी आली, तर तिला हितं आना. मी दोघास्नी जेवू घालून लावून दीन."

मी विचारलं, आणि सर काय म्हणाले?

"व्हय म्हनलं. मग म्हनलं, हौसाबाई, माजंबी एक माणूस यायचं ऱ्हायलंय."

पुढच्या रविवारी मी सरांना एसटीनं जाऊ दिलं नाही. गाडीत बसवून मीच भिगवणला नेलं. मागल्या फलाटावरच्या बाकावर आम्ही बसलो. दोन मच्छीवाल्या रिकाम्या पाट्या उपड्या घालून त्यावर टेकल्या होत्या, बाकी कुणी नव्हतं. सरांनी सदऱ्याची बटणं नीट केली, केसांवरून हात फिरवला.  लांबून गाडी दिसली, तसे ते छत्रीवर भार देऊन उठले. मला त्या गाडीनं कुणाचंच येणं नव्हतं. माझं माणूस कुठं हरवलेलं नाही. पण डबे समोरून सरकायला लागले तेव्हा मीही उठून उभा राहिलो आणि एकेका दारात बघायला लागलो.